डिलार्ड की मायलाटा? ईगल्सच्या डाव्या टॅकलची जागा, २०२१

डेलावेअरकाठचा (धागाकर्ता)

जुलै संपत आला की अमेरिकन फुटबॉलच्या संघांची सराव शिबिरं सुरू होतात आणि क्वार्टरबॅक कोण, रिसीव्हर कोण यावर सगळीकडे भरभरून लिहिलं जातं. टॅकलच्या जागेसाठी दोन धिप्पाड पोरं महिनाभर एकमेकांशी झुंजत असतात, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझ्या मते शिबिरातली सगळ्यात बघण्यासारखी चुरस तीच. म्हणून हा धागा, आणि उदाहरण माझ्या संघाचं: फिलाडेल्फिया ईगल्स, २०२१.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडं. आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीत पाच जण असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकाला टॅकल. चेंडू घेऊन पळणं किंवा पास झेलणं हे यांचं काम नाही. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे काम. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर फेकायच्या पवित्र्यात त्याची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून डाव्या टॅकलला एवढी किंमत.

ईगल्सकडे ही जागा २००९ पासून जेसन पीटर्सची. नऊ वेळा प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेलेला माणूस. पण २०१९ मध्ये तो ३७ वर्षांचा होता, त्यामुळे वारसदार हवाच होता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) ईगल्सनी पहिल्या फेरीत बाल्टिमोर रेव्हन्सना दोन जास्तीच्या निवडी देऊन २५व्यावरून २२व्या क्रमांकावर उडी मारली आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा आंद्रे डिलार्ड घेतला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ला, सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत २३३व्या क्रमांकावर त्यांनी जॉर्डन मायलाटा नावाचा सिडनीचा मुलगा घेतला होता. आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला.

२०२१ मध्ये निक सिरियानी नवे मुख्य प्रशिक्षक आले. पीटर्स गेला होता. प्रशिक्षकांनी जागा खुली असल्याचं सांगितलं आणि शिबिरात दोघांना आळीपाळीने पहिल्या संघाबरोबर उतरवलं. निकाल सगळ्यांना माहीत आहे, मायलाटा जिंकला.

आता माझा मुद्दा. ही गोष्ट हल्ली 'जिद्दी परका पोरगा आणि लाडावलेला पहिल्या फेरीवाला' अशी सांगतात. हे डिलार्डवर अन्याय करणारं आहे आणि खरंही नाही. माझं म्हणणं, ही जागा २०२१च्या शिबिरात ठरलीच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये डिलार्डचा दंडाचा स्नायू फाटला आणि पूर्ण हंगाम हातचा गेला, तेव्हापासून ती ठरत गेली. त्या हंगामात मायलाटा १० सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. डिलार्ड शून्य. तुम्हाला काय वाटतं?

---

कोपरारक्षक

धागा वाचून मजा आली. मी सांगली जिल्ह्यात तालमीच्या संघाकडून बरीच वर्षं डावा कोपरा खेळलोय, त्यामुळे टॅकलचं दुखणं लगेच कळलं. चढाईपटू गुण घेऊन गेला की बोटं कोपऱ्याकडे दाखवतात, पकड झाली की टाळ्या बहुतेक वेळा दुसऱ्यालाच.

एक विचारतो. शिबिरात प्रशिक्षक नक्की बघतात काय? आमच्यात निवड चाचणीला दोन-चार पकडी बघून माणूस ठरतो. इथे मोजायला ना गुण, ना चेंडू.

---

आकडेमोड

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत, अर्धा नाही.

दुखापतीमुळे डिलार्डचं नुकसान झालं हे मान्य. पण त्याच्यातली उणीव त्याआधीच दिसली होती. २०१९ मध्ये पीटर्स जखमी असताना तो डॅलसमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि ईगल्स ३७-१० हरले. त्या रात्री समोरच्यांनी त्याला सरळ छातीवर घेऊन मागे ढकलत नेलं. पाय चपळ, पण समोरून वजन आलं की पाय उखडायचे. हे दंड बरा झाल्यामुळे सुधारत नाही.

शिवाय एक गोष्ट विसरू नका. पहिल्या फेरीतला खेळाडू बाकावर बसवणं म्हणजे व्यवस्थापनाने आपली निवड चुकल्याचं जगासमोर मान्य करणं. ईगल्सनी ते केलं, याचा अर्थ सरावात फरक डोळ्यांत भरण्याइतका असणार. हे श्रेय मायलाटाचं आहे, नशिबाचं नाही.

---

डेलावेअरकाठचा

@कोपरारक्षक, प्रश्न फार चांगला आहे. सविस्तर लिहितो.

अंगावर पूर्ण संरक्षक पोशाख चढला की शिबिरात एकास एक असा सराव असतो. एक टॅकल, समोर एक आक्रमक बचावपटू, आजूबाजूला मदतीला कोणी नाही. चेंडू निघाला की डावा टॅकल डाव्या पायाने तिरकं मागे सरकतो आणि उजवा पाय जमिनीलगत ओढून घेतो. याला किक स्लाइड म्हणतात. दोन्ही पाय एकमेकांजवळ आले की तोल गेला, फार फाकले की सरकता येत नाही. समोरचा बाहेरून वळसा घालून आला तर त्याच्याआधी त्या जागी पोचायचं. तो बाहेरचा आव आणून आत घुसला तर तेवढ्यात आत वळायचं. आणि तो सरळ छातीवर आला, ज्याला बुल रश म्हणतात, तर कंबर खाली घालून बसायचं, हात त्याच्या छातीवर आतून लावायचे आणि दोन पावलांत त्याला थांबवायचं.

प्रशिक्षक बघतात ते मुख्यतः पहिला हात चुकल्यावर काय होतं ते. हात सगळ्यांचेच चुकतात. चुकल्यावर ज्याचं अंग अजून क्वार्टरबॅक आणि शत्रूच्या मध्ये असतं तो टिकतो. मायलाटाची उंची दोन मीटरच्या वर, वजन १६० किलोच्या पुढे. तो मागे ढकलला गेला तरी मध्येच उभा राहायचा, आणि त्याला वळसा घालायला समोरच्याला दोन पावलं जास्त लागायची. डिलार्ड १४३ किलोच्या आसपास. पाय त्याचे जास्त सुंदर, त्यात वादच नाही. ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीत त्याने ४० यार्ड ४.९६ सेकंदांत काढले होते, एवढ्या वजनाच्या माणसाला ही मोठी गोष्ट. पण त्याच्याकडून एक चूक झाली की तिची भरपाई करायला शरीर साथ देत नव्हतं.

@आकडेमोड, डॅलसचं तुमचं वर्णन बरोबर. पण त्याच्या पुढचे दोन सामनेही धरा ना. बफेलोत ३१-१३ आणि मग शिकागोविरुद्ध २२-१४, दोन्ही जिंकले. शिकागोकडे खलील मॅक होता, तो काय दर्जाचा बचावपटू ते तुम्हाला सांगायला नको. रुकी, म्हणजे कारकिर्दीतल्या पहिल्याच, हंगामात पहिला सामना फसून पुढचे दोन जमणारा टॅकल म्हणजे शिकणारा टॅकल. त्याला २०२० मिळायला हवं होतं, एवढंच म्हणतोय.

---

निळे_डोंगर

सिडनीहून. मायलाटाचं नाव वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही.

तो बँक्सटाउनचा, आईवडील सामोआचे. पश्चिम सिडनीत आपली मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांना तो परिसर माहीत असेल. शनिवारी सकाळी कुठल्याही मैदानावर जा, रग्बी लीग खेळणारी पोरं दिसतील. तोही त्यातलाच एक, साउथ सिडनी रॅबिटोजच्या २० वर्षांखालच्या संघापर्यंत पोचलेला. अडचण एकच होती, अंगाने तो त्या खेळासाठी फार मोठा. लीगमध्ये ८० मिनिटं पळावं लागतं आणि बचावात पुन्हा पुन्हा मागे जावं लागतं.

इथल्या लोकांना त्याचं कौतुक का, ते सांगतो. रग्बी लीगमध्ये ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला अडवणं हा गुन्हा आहे, पेनल्टी मिळते. लहानपणापासून अंगात भिनलेला नियम. आणि टॅकलचं पूर्ण काम म्हणजे चेंडू नसलेल्या माणसाला अडवणं! एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, परदेशी खेळाडूंसाठीच्या कार्यक्रमातून २०१८ च्या सुरुवातीला तो फ्लोरिडाला गेला आणि काही महिन्यांत ड्राफ्ट झाला. म्हणजे वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी सगळ्या सवयी मोडून उलट्या बाजूने शिकायचं. २०१८ आणि २०१९, दोन्ही हंगामांत तो पाठीच्या दुखण्याने जखमींच्या यादीत गेला, एकही सामना नाही. त्या दोन वर्षांत कितीतरी जण विमान पकडून घरी परतले असते.

त्यामुळे धागाकर्त्यांना थोडा विरोध. डिलार्डचं एक वर्ष गेलं म्हणता, मायलाटाची दोन गेली होती.

---

मृदगंधा

मी फक्त सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, बघते, तोही जेवणासाठी जमलेल्या मित्रमंडळींबरोबर, पण हा धागा शेवटपर्यंत वाचला. निळे_डोंगर, तो नियमाचा मुद्दा जबरदस्त. पुढे लिहा सगळ्यांनी.

---

आकडेमोड

@निळे_डोंगर, +१. आणि दोन वर्षं सामना न खेळता तो काय करत होता हे महत्त्वाचं. ईगल्सच्या फळीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड २०१३ पासून तिथे होते. टीव्हीवर सामन्याआधी खेळाडू आपलं नाव आणि विद्यापीठ सांगतात, तेव्हा मायलाटा 'जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी' असं सांगतो. विद्यापीठात तो खेळलाच नाही, जे शिकला ते त्या एका माणसाकडे.

पण मग धागाकर्त्यांना विचारतो: स्टाउटलंड तर डिलार्डलाही होतेच. तोच गुरू, तीच फळी, तोच बचाव समोर.

---

डेलावेअरकाठचा

तोच गुरू, पण दोघांच्या पाट्या सारख्या कोऱ्या नव्हत्या, आणि हे माझ्या मते या चुरशीतलं सगळ्यात दुर्लक्षित अंग आहे.

डिलार्ड ज्या विद्यापीठातून आला तिथे माइक लीच यांची 'एअर रेड' पद्धत होती. जवळपास प्रत्येक चाल पासची. पुढच्या फळीतले पाचही जण एकमेकांपासून लांब लांब उभे राहतात, टॅकल बहुतेक वेळा हात जमिनीला न टेकता उभ्याने सुरुवात करतो. तिथे चपळ पायांचं सोनं होतं. पण पुढे झेपावून समोरच्याला जागेवरून हलवायचं, पळणाऱ्यासाठी भगदाड पाडायचं, हे काम तिथे फार थोडं. ईगल्सकडे आल्यावर त्याला एका खेळातून जवळजवळ दुसऱ्या खेळात यावं लागलं, आणि येताना आधीच्या चार-पाच वर्षांच्या सवयी अंगात होत्या. मायलाटाला मोडण्यासारख्या फुटबॉलच्या सवयीच नव्हत्या. पहिल्या दिवसापासून पाऊल कुठे, हात कुठे, सगळं स्टाउटलंड यांच्या म्हणण्यानुसार.

दुसरं, बाजू बदलण्याचं. २४ नोव्हेंबर २०१९, सिएटल सीहॉक्सविरुद्धचा सामना. मी तेव्हा स्टेडियममध्ये होतो, खालच्या रांगांत. उजवा टॅकल लेन जॉन्सन डोक्याला मार बसल्यामुळे बाहेर, म्हणून डिलार्डला उजवीकडे उभं केलं. आयुष्यभर डावा पाय मागे टाकणाऱ्याने आता उजवा टाकायचा. पाऊल पडत होतं, पण हात त्याच्या अर्धा क्षण मागे. समोरचा छातीला भिडल्यावर हात वर येत होते. मध्यंतरानंतर तो मैदानावर आला नाही, त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं. ईगल्स १७-९ हरले. माझ्या आजूबाजूचे लोक त्याला नको ते बोलत होते आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं, कारण ते त्याचं काम नव्हतंच. त्या एका दुपारचा शिक्का त्याच्यावर दोन वर्षं राहिला.

@निळे_डोंगर, मायलाटाची दोन वर्षं गेली हे खरंच, तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. पण ती गेली तेव्हा त्याच्याकडून कोणाला अपेक्षा नव्हती. ४ ऑक्टोबर २०२०ला सॅन फ्रान्सिस्कोत, पीटर्सच्या पायाच्या दुखापतीमुळे, तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. ईगल्स २५-२० जिंकले. त्यानंतर त्याने चुका केल्या, पण त्या हंगामात ईगल्सच्या फळीत आज एक, उद्या दुसरा असं चाललं होतं, क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ १२ सामन्यांत ५० वेळा पाडला गेला. अशा गोंधळात त्याच्या चुका पचल्या. त्याच चुका डिलार्डने केल्या असत्या तर '२२वी निवड' म्हणून हेडलाइन झाली असती.

---

जर्सीवाली

हा धागा मी वेगळ्या कारणाने वाचतेय. माझा मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूल संघात पुढच्या फळीत खेळतो. गेल्या वर्षी डावा टॅकल होता. यंदा दुसरा मुलगा आला, उंच आणि जाड, आणि प्रशिक्षकांनी माझ्या मुलाला सांगितलं की तू दोन्ही बाजूंना तयार राहा. घरी आला तेव्हा जेवला नाही. त्याचे बाबा म्हणाले, आणखी मेहनत कर. पण मेहनत तर तो करतोच आहे. वजन उचलतो, पहाटे उठतो. त्याने आणखी काय करायचं?

डिलार्डचं पुढे काय झालं ते कोणी सांगेल का? जिंकणाऱ्याचं सगळे लिहितात.

---

कोपरारक्षक

ताई, मुलाला सांगा, दोन्ही बाजूंना खेळता येणारा पोरगा कुठल्याही प्रशिक्षकाला हवाच असतो. मी डावा कोपरा, पण एका स्पर्धेत उजवीकडे उभं राहावं लागलं म्हणून संघात टिकलो. त्याला आज वाईट वाटणारच, वाटू द्या. जेवण मात्र चुकवू देऊ नका, फळीतल्या माणसाचं वजन उतरून चालणार नाही.

---

डेलावेअरकाठचा

@जर्सीवाली, मुलाला माझ्याकडून शुभेच्छा. डिलार्डचं सांगतो, आणि त्यातच मुलाच्या कामाचं बरंच आहे.

२०२१च्या ऑगस्टमध्ये चुरस चालू असतानाच डिलार्डच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो पुन्हा बाजूला पडला. तेव्हापर्यंत मायलाटा पुढे गेलाच होता, त्यामुळे उरलासुरला प्रश्न मिटला. ११ सप्टेंबरला, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, मायलाटाने चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार केला. अशा बातमीनंतर दुसऱ्या माणसाने मान टाकली असती तर कोणी दोष दिला नसता.

पण तिसऱ्याच आठवड्यात मायलाटाचा गुडघा दुखावला. डॅलस आणि मग कॅन्सस सिटी, दोन्ही सामन्यांत डावीकडे डिलार्ड. कॅन्सस सिटीच्या सामन्याच्या दिवशी सकाळी लेन जॉन्सनही वैयक्तिक कारणाने बाहेर गेला. दोन्ही टॅकल एकदम नाहीत! त्या दिवशी डिलार्ड चांगला खेळला. इतका, की मायलाटा परतल्यावर प्रशिक्षकांनी त्याला उजवीकडे पाठवलं आणि डिलार्डला डावीकडेच ठेवलं. कोट्यवधींचा करार झालेला माणूस परक्या बाजूला, आणि चुरस हरलेला माणूस त्याच्या जागेवर. जॉन्सन सातव्या आठवड्यात आला तेव्हा मायलाटा डावीकडे परतला. डिलार्डने त्या हंगामात पाच सामन्यांची सुरुवात केली. ईगल्स त्या वर्षी धावून मिळवलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिले आले आणि बादफेरीत पोचले. ते पाच सामने सांभाळणारा नसता तर पोचले असते का, मला शंका आहे.

पुढे मे २०२२ मध्ये संघाने त्याच्या कराराचं, संघाच्या मर्जीवर असलेलं, पाचवं वर्ष नाकारलं. त्या सप्टेंबरमध्ये हाताचं हाड मोडलं, परत आला आणि राखीव राहिला. २०२३ मध्ये टेनेसी टायटन्सनी त्याला तीन वर्षांचा करार दिला, तो एका वर्षात संपला. मग ग्रीन बे पॅकर्स. ही कारकीर्द अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

आकडेमोड

डिलार्ड अपयशी नव्हे, हे मान्य. २०२१चे ते सामने मी या धाग्यामुळे काल पुन्हा बघितले. कॅन्सस सिटीविरुद्ध तो छातीवरचं वजन झेलत होता, २०१९च्या डॅलससारखा मागे वाहत नव्हता. म्हणजे सुधारणा झाली होती.

पण डावा टॅकल म्हणून वर्षानुवर्षं कोणावर भरवसा ठेवायचा, या प्रश्नाचं उत्तर मी अजूनही बदलत नाही. मायलाटा २०२४ मध्ये ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतल्या) दुसऱ्या संघात आला, त्याच हंगामात त्याच फळीमागून चेंडू घेऊन पळणारा सॅक्वान बार्कली २,००५ यार्ड धावला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल जिंकला. डिलार्डला २०२० मिळालं असतं तरी इथवर पोचला असता असं मला वाटत नाही. त्याची कमाल मर्यादा कमी होती.

---

डेलावेअरकाठचा

कमाल मर्यादा कमी होती, हे मीही नाकारत नाही. जागा मायलाटालाच मिळायला हवी होती. फक्त ती त्या शिबिराच्या तीन आठवड्यांत मिळाली असं म्हणू नये, एवढाच माझा आग्रह. एका माणसाला दहा सामने चुकायला मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत.

---

निळे_डोंगर

यावर मात्र पूर्ण अनुमोदन. इकडे २०१८ मध्ये रग्बीवाले म्हणायचे, वर्षभरात परत येईल. कोणीतरी त्याला चुकू दिलं म्हणून तो तिथे राहिला.

---

जर्सीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला धागा मोठ्याने वाचून दाखवला, त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. सिएटलचा भाग त्याने दोनदा ऐकला. म्हणतो, माझेही उजवीकडे हात उशिरा येतात, आई, अगदी तसंच होतं. सोमवारपासून त्याचं शिबिर आहे. त्याला बघण्यासारखे सामने कोणते, सांगाल का?

---

डेलावेअरकाठचा

दोन सांगतो. पहिला ३ ऑक्टोबर २०२१, कॅन्सस सिटीविरुद्ध. त्यात डाव्या टोकाला डिलार्ड, जर्सी क्रमांक ७७. दुसरा त्याच्या पुढच्या रविवारचा, १० ऑक्टोबर, कॅरोलायनात, ईगल्स २१-१८ जिंकले तो. त्यात उजव्या टोकाला ६८ नंबर बघायला सांगा, तो मायलाटा. एवढा मोठा माणूस, पण उजवीकडे त्यालाही हात वेळेवर आणायला झगडावं लागतंय हे स्पष्ट दिसेल. चेंडूकडे बघायचं नाही, प्रत्येक चाल फक्त पाय, मग परत मागे नेऊन फक्त हात. आणि सोमवारी शिबिरात प्रशिक्षकांना सांगून रोज सरावाच्या शेवटी उजव्या बाजूची किक स्लाइड वेगळी मागून घ्यायची, समोर कोणी नसताना, सावकाश. हात पावलाबरोबर यायला लागले की मग समोर माणूस घ्यायचा. कसं चाललंय ते इथेच कळवा.